तंगुसाच्या जाळ्यावर काम करताना कोणते हातमोजे टिकतात? भावासाठी घ्यायचे आहेत

हर्णैची_लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर हर्णैजवळ, नोकरीमुळे मी पुण्यात असते. धाकटा भाऊ गेल्या नारळी पौर्णिमेपासून आमच्या मामाच्या बोटीवर जायला लागला. तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं जाळं, मामा धरून सहा जण, मामा स्वतः तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख.

भाऊबीजेला गेले तेव्हा ओवाळून झाल्यावर त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि मला त्याचा हात दिसला. तर्जनीच्या पेरांवर आडवे, केसासारखे बारीक काप, एकावर एक. काहींच्या कडा मिठाने पांढऱ्या पडलेल्या. अंगठ्याच्या मुळाशी शिंगाळा माशाचा काटा लागला होता, तिथे सुपारीएवढी सूज. मी विचारलं तर म्हणाला, "चालतं गं, सगळ्यांचे असेच असतात." खरंच सगळ्यांचे तसेच आहेत, मी मामाचे हात लहानपणापासून बघतेय. पण भावाचं वय एकवीस आहे आणि अजून तीस-पस्तीस वर्षं त्याला याच हातांनी काम करायचं आहे.

पुण्याला परत आल्यावर मी चामड्याच्या हातमोज्यांचे सहा जोड मागवून पाठवले. पहिल्या खेपेत ते भिजले, वाळल्यावर लाकडासारखे कडक झाले आणि असा वास सुटला की मामीने घरात घेऊ दिले नाहीत. मग आतेभावाने भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे आणून दिले. ते एका रात्रीत काट्यांनी चाळणी झाले. आता तिसऱ्यांदा पैसे घालण्याआधी जाणत्या लोकांना विचारावं म्हटलं.

मला हवंय ते असं: तंगुसाने कापू नये, काटा आत जाऊ नये, ओल्या हाताने दोर निसटू नये आणि तरीही जाळ्यातून मासळी सोडवता यावी. सहाही जणांसाठी घ्यायचे आहेत, दोन-तीन हजारांपर्यंत खर्च करू शकते. आणखी एक. बोटीवर विंच आहे, म्हणजे जाळ्याचा दोर ओढणारं यंत्र. मामा म्हणतात विंचवर मोजे अजिबात घालायचे नाहीत, भाऊ म्हणतो मामा जुन्या वळणाचे आहेत. कोणाचं बरोबर?

खडकावरचा_गळवाला

ताई, मी बोटीवर जात नाही, सुट्टीच्या दिवशी खडकावरून गळ टाकतो. त्यामुळे माझा अनुभव मर्यादित आहे, पण मोजे बरेच वापरून झालेत. गळाची वेणीसारखी विणलेली दोरी ताणात असताना बोटावरून सरकली की सुरीसारखी कापते. आणि जिताडा माशाच्या गालफडाची कड ज्याने एकदा उघड्या हाताने धरली तो पुन्हा धरत नाही.

मी कट-रेझिस्टंट म्हणतात ते करड्या रंगाचे विणलेले मोजे वापरतो, पाच नंबरचे. सुरी फिरवली तरी सहसा कापत नाहीत. भावाला तेच घ्या, काट्याचाही प्रश्न मिटेल. जोडी दोन-अडीचशेला मिळते.

मिरकरवाड्याचा_तांडेल

ताई, मामांचं बरोबर आहे. म्हणून आधी विंचचंच लिहितो, बाकीचं त्यानंतर वाचा.

मी बावीस वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बोटीवर गेलो, त्यातली शेवटची नऊ तांडेल म्हणून. आता गुडघे साथ देत नाहीत, किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतो. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची वरची दोन पेरं नाहीत. ती गेली तेव्हा माझ्या हातात मोजे होते. सुती, रबरी ठिपक्यांचे, आणि एक नंबर मोठे, कारण दुकानात तेवढेच शिल्लक होते.

पहाटेची वेळ होती. जाळ्याचा दोर विंचच्या फिरत्या ड्रमवर तीन वेढे घेऊन वर येत होता आणि मी सुटं टोक ओढून खाली गोल रचत होतो. दोर जुना, एका ठिकाणी पीळ उसवून तंतू वर आलेले. ते तंतू माझ्या मोज्याच्या बोटाच्या टोकात अडकले. त्या टोकात माझं बोट नव्हतंच, अर्धा इंच रिकामं होतं. मला वाटलं मोजा निसटून जाईल आणि हात सुटेल. पण ओलं सूत कातडीला चिकटून बसतं, ते निसटत नाही. आधी मोजा वेढ्याखाली गेला, मग बोट. विंचवरचा खलाशी माझ्याकडेच बघत होता, त्याने लगेच क्लच सोडला, तरी दोर तेवढ्यात वीतभर पुढे गेला होता. उघडा हात असता तर ते तंतू बोटावरून ओरखडा काढून निघून गेले असते.

तेव्हापासून माझ्या बोटीवर विंच चालू झाला की ड्रमजवळच्या दोघांचे मोजे काढलेले असत. बोटातली अंगठी, मनगटातला दोरा, कडं, तेही. सुटं टोक धरणारा ड्रमपासून दोन हात लांब उभा राहणार, आणि दोर हाताला गुंडाळून कोणीही ओढणार नाही, कितीही निसटत असला तरी. निसटतोय म्हणजे ड्रमवर आणखी एक वेढा पाहिजे. तो घालायचा तर आधी विंच थांबवायचा. भावाला हे माझ्या नावाने सांगा. मामांना जुन्या वळणाचे म्हणतोय, पण मामांनी कोणाचं तरी बोट गेलेलं बघितलं असणार.

आता मोज्यांचं.

बोटीवर एकच मोजा सगळ्या कामांना पुरत नाही. तुम्ही चामडं घेतलंत ते कमी दर्जाचं होतं असं नाही. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलं की चामड्याचं तेल जातं, ते आकसतं आणि तडकतं. बोटीवर चामड्याला एकच जागा आहे. ज्या बोटींना तारेचा दोर असतो, त्या तारेचे तुटलेले धागे सुईसारखे वर येतात. विंच बंद ठेवून त्या तारेला ग्रीस लावताना चामड्याचे मोजे घालावेत आणि काम झालं की कोरड्या जागी ठेवावेत. तुमच्या मामाच्या बोटीला बहुतेक त्यांची गरज नाही.

तंगुसाचं जाळं हाताने ओढायला आणि मासळी सोडवायला विणलेला मोजा लागतो, ज्याच्या तळव्यावर आणि बोटांवर नायट्राइलचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, खरखरीत लेप आहे आणि पाठीकडची बाजू उघडी आहे. गुळगुळीत लेप घेऊ नका. बांगडा, सुरमई, काहीही असो, मासळीच्या बुळबुळीवर गुळगुळीत रबर सरकतं. खरखरीत म्हणजे वाळूच्या कागदासारखा, बोट फिरवलं की कळतो. लेप नसलेला नुसता विणलेला मोजा तर मुळीच नको, जाळ्याच्या गाठी आणि सुरमईचे दात त्याच्या टाक्यांत अडकतात आणि प्रत्येक मासा सोडवताना मोजाही सोडवत बसावा लागतो.

तरीही मासळी सोडवायला बोटांची टोकं मोकळी लागतात, हे तुमचा भाऊ सांगेलच. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा: उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक नखाच्या मुळापर्यंत कापायचं, आणि कापलेली कड लगेच दोऱ्याने शिवून घ्यायची. शिवली नाही तर दोन दिवसांत मोजा मनगटापर्यंत उसवतो. तंगूस कापतो तो पेरांच्या आतल्या घडीत आणि करंगळीच्या बाजूला, नखाशी कापत नाही. त्यामुळे टोकं उघडी राहिली तरी ज्या जागी तुम्ही काप बघितलेत त्या झाकलेल्या राहतात.

गळवाले भाऊ, तुमचा मोजा चांगला आहे, सुरीला आणि दोरीला उत्तमच. पण काट्याचा प्रश्न त्याने मिटत नाही, आणि हा गैरसमज आमच्या बंदरातही खूप आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. या मोज्यांवर ढालीच्या चित्रात हातोडी असते, वर ईएन ३८८ (मोज्यांच्या चाचणीचं युरोपातलं मानक) लिहिलेलं असतं आणि खाली चार आकडे. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. कापण्याचा आकडा पाचपर्यंत जातो, बाकीचे चारपर्यंत. नव्या मोज्यांवर आकड्यांच्या पुढे ए पासून एफ पर्यंत एक अक्षरही असतं, ते दुसऱ्या पद्धतीने केलेल्या कापण्याच्या चाचणीचं, एफ सगळ्यात पक्का. एखाद्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी केलेली नाही. दुकानदार पाच नंबर म्हणून देतो तो नेहमी कापण्याचा पाच असतो. टोचण्याचा आकडा वेगळा बघावा लागतो, आणि तो चार असला तरी ती चाचणी साडेचार मिलिमीटर जाड, बोथट टोकाच्या पोलादी सळीने करतात. शिंगाळ्याचा काटा किंवा गरीचं टोक विणीच्या दोन टाक्यांमधून आत शिरतं. धागा तुटत नाही, बाजूला सरतो. मोजा अखंड आणि हातातून रक्त, असं मी कितीदा बघितलंय.

म्हणून काट्याच्या मासळीला दुसरा मोजा. कोपराखाली चार बोटं येईल असा लांब, जाड पीव्हीसीचा, आत सुती अस्तर असलेला. हा बोटीवर दोन जोड असले तरी भागतं, कारण तो सगळ्यांनी एकाच वेळी घालायचा नसतो. मासळी निवडताना, मासळी ठेवायच्या खणात बर्फ फोडताना, खेकडे वेगळे करताना, जेलीफिशने भरलेलं जाळं साफ करताना घालायचा. जेलीफिशला लांबीच महत्त्वाची, मनगटावरची उघडी पट्टी ती बरोबर शोधते. पण शिंगाळ्याला याही मोज्याचा भरवसा धरू नका. त्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन कानांमागे पंखांना, तिन्ही करवतीसारखे. तो ताठ झाला की काटे कुलूप लागल्यासारखे उभे राहतात. आम्ही तो जाळ्यात असतानाच पक्कडीने तिन्ही काटे मोडायचो, मग हात लावायचो. पाकटाला, म्हणजे शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशाला, तर हात नाहीच. आकडीने ओढून बाजूला, शेपूट आपल्यापासून लांब, आणि काटा काढल्याशिवाय कोणी त्याच्या जवळून चालायचं नाही.

तिसरा मोजा इंजिनवाल्यासाठी, साधा नायट्राइलचा. डिझेलमध्ये नैसर्गिक रबर फुगतं आणि लेप सुटतो. बांधकामावरचे लोक सुरकुत्या असलेल्या लेपाचे मोजे वापरतात ना, ते बहुधा नैसर्गिक रबराचे असतात. ओल्या दोरावर त्यांची पकड फार छान, पण तेच हात डिझेलमध्ये घातले की आठवडाभरात गेले.

माप मात्र प्रत्येकाचं घ्याच. शिंप्याची पट्टी घेऊन तळव्याभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या सांध्यांवरून मोजायचं. जितके इंच तितका मोज्याचा नंबर, साधारण आठ ते नऊ येईल. अर्ध्यात आलं तर विणलेला मोजा लहान घ्या, तो सैलावतो. घातल्यावर बोटांच्या टोकाला चिमटीत धरून बघायचं, तिथे रिकामं कापड हाताला लागलं तर तो मोजा परत. माझं बोट त्या रिकाम्या कापडानेच नेलं. आणि दुकानात मोजा घालून जमिनीवरचं रुपयाचं नाणं उचलायला सांगा. उचलता आलं तर मासळीही सोडवता येईल.

खाडीकाठची_सिस्टर

मी किनाऱ्यालगतच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. तांडेलकाकांनी मोज्यांचं सगळं सांगितलंय, मला त्या अंगठ्याच्या सुजेबद्दल लिहायचं आहे.

ताई, भाऊबीज होऊन किती दिवस झाले बघा. सूज अजून असेल तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा. शिंगाळ्याचा काटा करवती असल्यामुळे त्याचा तुकडा आत मोडून राहतो. वरून जखम भरते आणि आत पू होतो. डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतील, तो काढू द्या.

काटा लागल्याबरोबर बोटीवर करायचं ते असं. शिंगाळा आणि पाकट दोघांच्या काट्यात विष असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. जखम धुवायची, वरवर दिसणारा तुकडा असेल तर काढायचा आणि हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. सोसेल इतकं गरम, साधारण ४५ अंश, भाजेल इतकं नाही. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत, ठणका कमी होईतो, निवेल तसं पाणी बदलत. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. आमच्याकडे अशा चुकीने भाजून आलेले लोकही येतात. बोटीवर चहाला स्टोव्ह असतोच, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत खोल घुसलेला असेल तर मात्र उपसायचा नाही, तसाच ठेवून माणसाला दवाखान्यात आणायचं.

धनुर्वाताचं इंजेक्शन सहाही जणांचं घेतलेलं असू दे. मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, सगळे घरी असतात, तेव्हा घेणं सोपं.

आणि तीन खुणा त्याला पाठ करून ठेवायला सांगा. एक, जखमेभोवतीची लाली तासातासाने पसरतेय, फोड येतायत, ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. समुद्राच्या कोमट पाण्यातला एक जंतू असा झपाट्याने पसरतो, आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याच्या जिवावर बेततं. दोन, बोट जांभळट लाल होऊन ठणकतंय पण पू नाही, तर तोही मासळी हाताळणाऱ्यांना होणारा जंतुसंसर्ग आहे, औषधाने बरा होतो. तीन, जखम भरून दोन-चार आठवड्यांनी तिथे किंवा त्याच्या वर हातावर गाठी आल्या. हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला जंतू असतो, नेहमीच्या गोळ्यांनी जात नाही, उपचार काही महिने चालतो. डॉक्टरांना "मी मासेमारी करतो" हे पहिल्या वाक्यात सांगायला सांगा. पेशंट ते सांगत नाहीत, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, आणि निदान महिनाभर लांबतं.

हर्णैची_लेक

सिस्टर, रात्रीच फोन केला. सूज आहे, कमी झालीय पण दाबलं की दुखतं. उद्या दापोलीला जातोय, मामी बरोबर जाणार आहे म्हणजे नक्की जाईल.

तांडेलकाका, तुमचं विंचचं मी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. नंतर मामीचा फोन आला की त्याने मामांना विचारलं, "तुम्ही कोणाचं बघितलंत?" आणि मामांनी त्यांच्या मोठ्या भावाचं सांगितलं. आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं की मोठ्या मामांचं बोट लहानपणी दारात सापडलं होतं.

एक विचारायचं राहिलं. माझी मामी आणि शेजारच्या दोघी पुळणीवर कोळंबी निवडायला, सोलायला बसतात. त्यांच्यासाठी यातले कुठले चालतील?

सोलणारी_वहिनी

मामींसाठी मी सांगते, मी चौदा वर्षं कोळंबी सोलते.

यातले कुठलेच नकोत. जाड मोज्यात कोळंबी कळत नाही, डोक्यावरचा काटा नखाखाली जातो तो जातोच. दवाखान्यात वापरतात तसे पातळ नायट्राइलचे मोजे येतात, निळे, शंभराच्या डब्यात. रबराचे पांढरे घेऊ नका. पावडरवाले तर नकोच, मला त्याने मनगटापर्यंत पुरळ उठलं होतं, ते रबरानेच उठलं हे कळायला एक हंगाम गेला.

पातळ मोजा बर्फातून वाचवत नाही. बर्फातली कोळंबी तासन् तास हाताळली की बोटं बधिर होतात आणि मग काटा लागलेला कळतच नाही. म्हणून मी आत सुती पातळ मोजे घालते, पांढरे, शाळेच्या कवायतीला मुलं घालतात तसे, वरून निळे. सुती मोजे दोन जोड लागतात, एक भिजला की दुसरा. निळा फाटला की लगेच टाकायचा. फाटक्या मोज्यात कोळंबीचं पाणी साचतं आणि दिवसभर त्यात बोट भिजत राहतं. माझ्या बोटांच्या बेचक्या त्यानेच कुजल्या होत्या, मोजे न घालता कधी इतक्या कुजल्या नव्हत्या. तासाभराने मोजे काढायचे, गोड्या पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग नवे. आणि संध्याकाळी खोबरेल.

ज्या हातात सुरी असते त्या हाताला नाही, मासा धरलेल्या हाताला गळवाल्या भाऊंनी सांगितलेला करडा मोजा घाला, वरून निळा. सुरमईचे तुकडे करताना मी तसंच करते.

मिरकरवाड्याचा_तांडेल

वहिनींनी साचलेल्या पाण्याचं लिहिलं ते बोटीवरच्या मोज्यांनाही लागू आहे. आतून ओला मोजा दुसऱ्या दिवशी तसाच चढवायचा नाही. परत आल्यावर गोड्या पाण्यात दोनदा बुचकळायचे, मीठ राहिलं तर त्याचे खडे आतून कातडी सोलतात. मग बोटं वर करून सावलीत टांगायचे. आम्ही केबिनच्या मागे दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी टांगायचो. उन्हात टाकले की रबर तडकतं. आणि प्रत्येकाच्या मोज्यावर मनगटाशी रंगाची खूण, म्हणजे एकाचं नखुरडं किंवा खरूज सहा जणांना होत नाही. माणशी दोन जोड धरा, आलटून पालटून.

खर्चाचं: खरखरीत लेपाचे मला साठ ते शंभरला जोडी मिळतात, लांब पीव्हीसीचे दीड-दोनशेला. बारा जोड ते आणि दोन जोड हे, तुमच्या पैशांत बसेल.

हर्णैची_लेक

मंडळी, दीड महिन्याने लिहितेय.

भावाच्या अंगठ्यातून काट्याचा तुकडा निघाला. तांदळाच्या दाण्याएवढा, एका कडेला करवतीचे दाते स्पष्ट दिसत होते. डॉक्टरांनी कापसावर ठेवून दाखवला, मामीने तो घरी आणलाय. औषधं चालली पंधरा दिवस, आता अंगठा पूर्ण वळतो.

मोजे: सहाही जणांची मापं शिंप्याच्या पट्टीने घेतली. पाच जण आठ-नऊमध्ये आले, मामा दहा. मागच्या वेळी मी सगळ्यांना सरसकट दहा पाठवले होते. बारा जोड खरखरीत नायट्राइलचे, दोन जोड लांब पीव्हीसीचे, आणि दोन पक्कडी, कारण बोटीवर एकच होती आणि ती इंजिनवाला सोडत नव्हता. मामीने सगळ्यांच्या उजव्या अंगठ्यांची आणि तर्जनीची टोकं कापून शिवून दिली, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा, तीच खूण. मामा पहिले दोन दिवस म्हणाले, मला हात कळत नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री थंडी होती, तेव्हा घातले, आणि आता जाळं ओढताना घालतात. विंच सुरू झाला की दोघांचे मोजे केबिनच्या खिडकीत ठेवलेले असतात. भावाने फोटो पाठवला, चार मोजे ओळीने.

त्याच्या बोटांवरचे काप जुने झालेत, नवे दोनच दिसले, तेही करंगळीच्या बाजूला.

एक अडचण आहे. सगळ्यांचे डावे मोजे आधी फाटतायत, तळव्यात, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागी. उजवे चांगले आहेत. आता आठ उजवे शिल्लक आहेत आणि डावे संपत आले. दुकानात सुटे डावे मिळत नाहीत.

मिरकरवाड्याचा_तांडेल

डाव्या हाताने जाळं धरून उजव्याने सोडवतात, म्हणून डावा आधी जातो. दोन गोष्टी करा. नव्या डाव्या मोज्याला त्याच जागी, वापरायच्या आधीच, फाटक्या उजव्या मोज्याच्या तळव्याचा तुकडा बाहेरून शिवायचा, लेप बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि टाके बारीक, म्हणजे जाळं अडकणार नाही. मामींना जमेल. आणि पुढच्या वेळी चार जोड दोन्ही बाजूंना ठिपके असलेले घ्या. ते सपाट असतात, उजवा उलटून डाव्या हातात चालतो. तंगुसाला ते टिकणार नाहीत, पण नांगराचा दोर ओढायला आणि पेट्या उचलायला ते वापरले की चांगले मोजे जाळ्यासाठी उरतात. फक्त त्यांचं माप घट्टच घ्या, आणि विंचपाशी तेही खिडकीत.

अंगठा वळतोय हे वाचून बरं वाटलं.